पेट्रोल कॉक बंद असूनही गळती, आणि वेगात गाडी बंद पडणे

दांडियाबाजारकर (बडोदा)
सप्रेम नमस्कार. माझ्याकडे वडिलांच्या काळातील १०० सीसीची, कार्ब्युरेटर असलेली मोटरसायकल आहे. पावसाळाभर ती वाड्यातील जिन्याखाली उभी होती. पुन्हा वापरू लागल्यापासून दोन तक्रारी सुरू झाल्या आहेत. पहिली अशी की, रात्री कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद करून ठेवला तरी सकाळी जिन्याखाली पेट्रोलचा वास येतो आणि इंजिनाखालची फरशी ओली दिसते. दुसरी अशी की, हालोल रस्त्यावर थोडा वेळ सलग वेगात चालवल्यावर इंजिन उपासमार झाल्यासारखे अडखळून बंद पडते, पण थोडे थांबल्यावर जणू काही झालेच नाही असे पुन्हा सुरू होते. गाडी रिझर्व्हला घेऊनही फरक पडत नाही. मिस्त्री कॉक बदलण्यास सांगतात. दोन्ही तक्रारींचे मूळ कॉकमध्येच असेल का?

फतेगंजचा वाटसरू
कॉक ही काही महागडी वस्तू नव्हे. नवा बसवून टाका आणि निश्चिंत व्हा.

जुनी दुचाकी
वरील सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आपण वर्णन केलेली लक्षणे एकाच दोषाची वाटत नाहीत, त्यामुळे नवा कॉक बसवूनही निदान एक तक्रार शिल्लक राहण्याची शक्यता अधिक आहे.

प्रथम गळती नेमकी कोठून होते ते पाहावे. कॉकच्या खटक्याभोवती ओल असेल तर खटक्यामागची छिद्रे असलेली रबरी चकती कडक झाली आहे किंवा तिला दाबून धरणारी लाटेच्या आकाराची स्प्रिंग वॉशर सैल पडली आहे. टाकी आणि कॉक यांच्या सांध्यात ओल असेल तर तेथील रबरी रिंग गेली आहे. मात्र पेट्रोल कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून टपकत असेल, तर एकाच वेळी दोन भाग निकामी आहेत असे समजावे. कॉक आतून पाझरत असला तरी कार्ब्युरेटरमधील फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याची) सुई आपल्या जागी नीट बसत असेल, तर ती पेट्रोल अडवते आणि कॉकचा दोष बाहेर दिसतच नाही. उलट सुई झिजलेली असली तरी कॉक पक्का बंद होत असल्यास रात्रीत फारसे काही गळत नाही. फरशी ओली होते ती दोघांनीही काम सोडल्यावर.

आता वेगात बंद पडण्याविषयी. थांबल्यावर गाडी सुरू होते, याचा अर्थ फ्लोटच्या वाटीत पेट्रोल पोहोचते आहे, पण खर्चाच्या मानाने हळू पोहोचते आहे. याला कॉकच्या जाळीतील कचरा कारण असू शकतो, तसेच टाकीच्या झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजणे हेही असू शकते. हवा आत न गेल्यास टाकीत निर्वात तयार होतो आणि प्रवाह मंदावतो. गाडी अडखळताच सुरक्षित जागी थांबून झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी सुरळीत झाली, तर दोष झाकणाचा. तसे न झाल्यास गाडी थंड झाल्यावर कार्ब्युरेटरकडील नळी काढून काचेच्या बाटलीत पेट्रोल सोडावे. ऑन आणि रिझर्व्ह या दोन्ही स्थितींत धार अखंड हवी, आणि कॉक बंद केल्यावर एक थेंबही पडता कामा नये. हे काम उघड्यावर करावे, जिन्याखाली मुळीच नाही, आणि जवळपास गॅसचा गिझर पेटलेला नसावा. (इंजिनाच्या निर्वातावर उघडणारा कॉक असलेल्या स्कूटरना ही चाचणी लागू नाही, इंजिन बंद असताना त्यांतून पेट्रोल येतच नाही.)

कारेलीबाग
यात एक भर घालतो. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर आमच्या भागातील अनेक गाड्यांच्या टाकीत पाणी शिरले होते. पण टाकी पुरात न बुडताही, अर्धी रिकामी आणि दमट हवेत महिनोन्‌महिने उभी राहिल्यास तिच्यात ओल जमते. पेट्रोलमधील इथेनॉल थोडे पाणी सामावून घेते, मात्र मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि रिझर्व्हची वाट तळाजवळूनच निघते. बाटलीत घेतलेले पेट्रोल थोडा वेळ स्थिर ठेवल्यास खाली वेगळा थर दिसतो. तसे आढळल्यास वरून ताजे पेट्रोल ओतून उपयोग नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. शिवाय २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली. आपल्या गाडीतील रबर त्यापूर्वीचे असेल तर ते फुगणे किंवा तडकणे स्वाभाविक आहे, म्हणून नळीही तपासावी. सांध्याला साधे सिलिकॉन सीलंट मात्र कोणी लावू नये. पेट्रोलमध्ये ते फुगते आणि सुटलेले तुकडे जाळीत अडकतात.

दांडियाबाजारकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. झाकण उघडताच हवा शिरल्याचा आवाज आला आणि गाडी नीट चालू लागली. छिद्रात गंज व धूळ घट्ट बसली होती, ती काढल्यापासून वेगातही अडचण नाही. बाटलीत वेगळा थर दिसला नाही. मात्र कॉक बंद असताना थेंब पडतात आणि ओव्हरफ्लो नळीही ओली आहे. माझा कॉक रिपिट (रिव्हेट) मारलेला असल्याने उघडत नाही. तूर्त फ्लोटची सुई तेवढी बदलून चालेल का?

जुनी दुचाकी
चालेल असे म्हणणार नाही. गाडी उभी असताना सगळा भार मग एकट्या सुईवर येईल आणि तिच्याखाली एखादा कण अडकला तरी पुन्हा हेच होईल. रिपिटचा कॉक सहजासहजी दुरुस्त करता येत नाही, तो पूर्णच बदलावा. पाझरलेले पेट्रोल इंजिनातही उतरलेले असू शकते, म्हणून त्याआधी ऑइलची पातळी पाहावी. ती वाढलेली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल बदलेपर्यंत गाडी सुरू करू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करीत नाही. नवा कॉक घेताना जुना सोबत न्यावा आणि टाकीत उभ्या राहणाऱ्या, ऑन स्थितीत पेट्रोल घेणाऱ्या नळीची उंची जुळवून पाहावी. ती जुन्यापेक्षा आखूड असली तर रिझर्व्हसाठी मागे उरणारे पेट्रोल तेवढे कमी होते, आणि हे सहसा रस्त्यात थांबल्यावरच कळते.