समुद्रात जैवभाराचा पिरॅमिड उलटा, मग ऊर्जेचा सरळ कसा?

प्रश्न (विज्ञान शिक्षक, खानापूर तालुका)
दहावीसाठी समुद्राच्या अन्नजाळ्याचा तक्ता करतोय. वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म हिरवे जीव), मग प्राणीप्लवक (त्यांना खाणारे तरंगते बारीक प्राणी), मग तारली-बांगडा, मग सुरमई, शेवटी मोरी (शार्क). इंग्लिश खाडीतल्या जुन्या मोजणीत चौरस मीटरमागे वनस्पतीप्लवक 4 ग्रॅम, तर प्राणीप्लवक नि तळावरचे प्राणी मिळून 21 ग्रॅम (सुकं वजन). म्हणजे जैवभाराचा (सजीवांच्या एकूण वजनाचा) पिरॅमिड खाली अरुंद, वर रुंद. दहा टक्क्यांच्या नियमाने (खालच्या पातळीतली साधारण दहा टक्केच ऊर्जा वरच्या पातळीला मिळते) 4 ग्रॅमवर 21 ग्रॅम कसे जगतील? आणि घाटावरच्या मुलांना यातलं हातात घेऊन दाखवता येईल असं काही आहे का?

उत्तर 1 (निपाणी)
सर, 4 आणि 21 हे त्या क्षणी उभं असलेलं वजन आहे, वर्षाचं उत्पन्न नव्हे. लसूणघासाच्या वाफ्याचं उदाहरण द्या: म्हैस उभ्या चाऱ्यापेक्षा जड असते, तरी कापणीमागून कापणी येत राहिल्याने तिचं भागतं. वनस्पतीप्लवक एकपेशीय, काही दिवसांत दुप्पट होणारे. फळ्यावर समजा म्हणून मांडा: 4 ग्रॅम रोज 4 ग्रॅम नवे तयार करतात, पैकी 3 खाल्ले जातात, खाणाऱ्यांची वाढ 0.4 ग्रॅम. 21 ग्रॅमचा साठा पुन्हा भरायला 52 दिवस लागतात; प्लवकांचा एका दिवसात भरतो. म्हणजे साठा उलटा, पण प्रवाह 4 ला 0.4, सरळच.

घोळ एककात होतो. जैवभार ग्रॅम प्रति चौरस मीटर, ऊर्जा किलोज्यूल प्रति चौरस मीटर प्रति वर्ष. ‘प्रति वर्ष’ गळलं की दोन्ही आकृत्या एकच वाटतात. ऊर्जेचा पिरॅमिड कधीच उलटा होत नाही, हे मुलांना ठामपणे सांगा.

उत्तर 2 (कारवार)
वरचं बरोबर. फक्त दहा टक्के हा आकडा पक्का धरू नका. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ लिंडमन यांनी 1942 मध्ये एका तळ्यावरच्या अभ्यासातून ही मांडणी केली, प्रत्यक्षात साधारण 5 ते 20 टक्के सापडतात. बाकीचं जातं कुठे, तर श्वसनात, विष्ठेत, आणि न खाताच मेलेल्या जीवांत. म्हणून तक्त्यात प्रत्येक पातळीकडून जिवाणूंकडे एक बाण हवाच. बऱ्याच तक्त्यांत तो नसतो, त्यामुळे तळावर पडलेलं कुजकं खाणारी कोळंबी अधांतरी राहते. जिवाणूंना सूक्ष्म एकपेशीय जीव खातात, त्यांना प्राणीप्लवक, असा तो भाग जाळ्यात परत येतो. बाण खाल्ला जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे. मुलं हमखास उलटे काढतात.

आणि तारली-बांगडा एकाच चौकटीत नको. तारली बरंचसं वनस्पतीप्लवकच, त्यातही डायटम (काचेसारख्या कवचाचे एकपेशीय शैवाल) खाते. बांगड्याच्या खाण्यात प्राणीप्लवक बरेच असतात. दोन वाटा लिहा (वनस्पतीप्लवकातली ऊर्जा 1000 आणि सोयीसाठी दर पायरीला दहा टक्के धरून):
1000 → तारली 100 → सुरमई 10
1000 → कोपेपॉड (एक प्राणीप्लवक) 100 → मांदेली 10 → सुरमई 1
मध्ये एक पायरी वाढली की सुरमईच्या वाट्याला दहावा हिस्सा. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत खालचं गार, पोषक पाणी वर येतं, डायटम फोफावतात. तारलीचे थवे त्यावरच पोसतात.

प्रश्नकर्ता
मग तारली दुसऱ्या पातळीवर लिहू?

उत्तर 2
दुसरी आणि तिसरी यांच्या मध्ये, दुसरीला चिकटून. तीही थोडे प्राणीप्लवक खातेच, म्हणून तिला दोन बाण द्या, वनस्पतीप्लवकाकडून येणारा जाड.

उत्तर 3 (बेळगाव)
हातात घेऊन दाखवायचं तर बाजारातून एक तारली, एक बांगडा आणि सुरमईचं डोकं आणा. पोट फाडून अन्न शोधायच्या नादी लागू नका: बर्फातही पाचकरस काम करत राहतात, घाट चढून येईतो तारलीचं पोट मऊ पडून फुटतं, आत नुसता लगदा मिळतो. कल्ले बघा. झाकण कात्रीने कापा, कल्ल्याची पहिली कमान सोडवून पांढऱ्या ताटलीत पाण्यात पसरा. आतल्या कडेचे दाते भिंगाने बघायचे. तारलीचे बारीक फणीसारखे दाट. बांगड्याचे लांब, पिसासारखे, तोंड उघडलं तरी दिसतात. सुरमईला मोजकेच आखूड खुंट, कारण तिला पाणी गाळायचं नसतं, अख्खा मासा धरायचा असतो, म्हणून जबड्याचे दात धारदार. सुरमईचं डोकं हाताळताना मुलांना हातमोजे द्या.