कांदा चिरताना डोळ्यांची फार आग होते, खात्रीचा उपाय हवा आहे

डबाघर : नमस्कार. मी घरून जेवणाचे डबे देते आणि त्यासाठी रोज सकाळी चार-पाच किलो कांदा चिरावा लागतो. पहिला किलो संपण्याआधीच डोळ्यांतून पाणी वाहू लागते, समोरचे दिसेनासे होते, हात थांबतो आणि साडेनऊला निघायचे डबे रेंगाळतात. पाण्यात भिजवणे, दातांत पावाचा तुकडा धरणे, शेजारी मेणबत्ती लावणे हे सगळे करून झाले आहे, तेव्हा कृपया तेच पुन्हा सुचवू नये. ज्यांना रोज एवढा कांदा चिरावा लागतो, त्यांनी उपाय लवकर सांगावा.

रसायनी : ताई, कांदा कोणता, सुरीने चिरता की विळीवर, आणि चिरताना वारा कुठून येतो, हे कळल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही. कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त संयुग आणि अ‍ॅलिनेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाते फिरले की कप्पे फुटून दोन्ही एकत्र येतात. पुढे आणखी एक विकर, जे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधले, त्यातून डोळ्यांना झोंबणारा वायू तयार करते. म्हणजे पेशी जितक्या कमी चिरडतील आणि वायू चेहऱ्यापासून जितका दूर जाईल, तितका त्रास कमी. मेणबत्तीने यातले काहीच साधत नाही.

आजीचा_ओटा : कांदा चिरून झाल्यावर हातांना जो वास राहतो, तो घालवण्यासाठी नळाच्या धारेखाली स्टीलच्या पातेल्यावर बोटे चोळावीत. आमच्या घरी वर्षानुवर्षे हेच करतात.

मुदपाकखाना : वासाचा प्रश्न ताईंनी विचारलेला नाही. माझा अनुभव असा की, सोललेले कांदे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले की डोळ्यांना काहीही होत नाही. मी दुसरा कोणताही उपाय करत नाही.

रसायनी : गारव्याने वायू सावकाश तयार होतो, हा त्यामागचा समज आहे. परंतु अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये चिरताना उडणारे रसाचे सूक्ष्म थेंब मोजले, तेव्हा थंड कांद्यातून ते कमी न होता उलट जास्त उडाले. बोथट पाते आणि घाईने चिरणे यांनीही थेंब वाढले. बोथट पात्याखाली पापुद्रा आधी दबतो आणि मग एकदम फुटतो, त्यामुळे रस जोराने उडतो.

मुदपाकखाना : प्रयोगशाळेत काय मोजले ते मला ठाऊक नाही, परंतु माझ्या स्वयंपाकघरात फरक पडतो आणि तो मी रोज पाहतो.

डबाघर : पाच किलो कांदा मावेल एवढा माझा फ्रीज नाही. बाकी माहिती अशी : कांदा साठवणीतला उन्हाळी, गोणीने घेतलेला. चिरते अर्थातच विळीवर, जमिनीवर बसून. गॅसची ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद असतो.

सुरीवाला : मग कारण उघड आहे. विळीवर बसल्यावर मान खाली जाते आणि चेहरा बरोबर पात्याच्या वर येतो. उभे राहून, ओट्यावर फळी ठेवून सुरीने चिरावे आणि बुडखा शेवटपर्यंत तसाच ठेवावा.

माजघर : सुरी हा सगळ्यांवरचा उपाय नव्हे. ज्या हाताला विळीची सवय आहे, त्याला सुरीने पाच किलो कांदा चिरायला दुप्पट वेळ लागेल आणि डबे आणखी रेंगाळतील. विळी तीच ठेवावी, फक्त ती भक्कम टेबलावर घट्ट बसवावी आणि खिडकीजवळ घ्यावी.

सुरीवाला : टेबलावरची विळी घसरली तर बोट जाईल. हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

कांदाचाळ : मी निफाड तालुक्यात कांदा पिकवतो. जमिनीत गंधक जास्त असेल किंवा खतातून दिले असेल, तर कांदा अधिक तिखट निघतो. त्यामुळे एकाच जातीच्या दोन गोण्यांतही फरक पडतो. झोंबायला नको असेल तर अलिबागचा पांढरा कांदा घ्यावा, तो चवीला गोडसर असतो.

डबाघर : पांढरा कांदा वर्षभर मिळत नाही आणि डब्याच्या दरात तो परवडतही नाही. मला आहे त्याच कांद्यावर उपाय हवा आहे. शिवाय माझ्या डोळ्यांची आग दुपारपर्यंत राहते, एवढी कोणाची राहते का?

रसायनी : ही गोष्ट आपण आधी सांगायला हवी होती. कांद्याचा वायू डोळ्यांतल्या पाण्याने धुऊन निघतो आणि मोकळ्या हवेत गेल्यावर त्रास थोड्या वेळात थांबतो. दुपारपर्यंत आग राहत असेल, तर कारण बहुधा वेगळे आहे. त्याच विळीवर आपण आणखी काय चिरता?

डबाघर : आधी मिरच्या, मग कांदा. मिरच्या तर रोजच असतात, म्हणून लिहिले नव्हते. डोळे मनगटाने किंवा पदराने पुसते.

माजघर : ताई, तेच कारण असणार. मिरचीचा तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, कारण तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. आधी हातांना गोडे तेल चोळावे, मग साबणाने धुवावेत; पातेही तसेच पुसावे. मिरच्या कांद्यानंतर चिराव्यात आणि डोळ्यांसाठी वेगळा धुतलेला रुमाल जवळ ठेवावा. तरीही आग राहिली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

डबाघर : सर्वांचे आभार. कांदा आधी आणि मिरच्या शेवटी, असा क्रम केल्यापासून दुपारची आग राहिलेली नाही. विळी जमिनीवरच आहे, परंतु गॅस पेटवण्याआधीच चिरायला बसते आणि पंखा बाजूला असा ठेवते की वारा चेहऱ्यापुढून खिडकीकडे जाईल. शेवटच्या किलोला पाणी येते, तेवढे चालेल. विळीला घरी धार लावता येते का?

माजघर : लोखंडी पाते असेल तर येते. बारीक दातांची कानस पात्याच्या उताराला धरून, धारेकडे, एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवावी. नंतर पाते धुऊन कोरडे करावे आणि त्यावर तेलाचे बोट फिरवावे, म्हणजे गंज चढत नाही.