गोव्याबाहेर नोकरी लागली, आता घर कुठे बघायचं? अनुभव सांगा

आमच्या डिचोली, साखळी, पेडण्याकडची कितीतरी पोरं शिक्षण झालं की पुणे, मुंबई नाहीतर बेंगळुरू गाठतात. ऑफर लेटर येतं आणि जॉइनिंगला जेमतेम पंधरा दिवस असतात, तेवढ्यात अनोळखी शहरात घर शोधायचं. माझ्या भाचीची आता हिंजवडीला जायची तयारी चाललीय आणि घरात सगळ्यांना एकच घोर लागलाय. तेव्हा एरिया, डिपॉझिट, एजंट, मालक, जे काय बघितलं-सोसलंय ते मोकळेपणी लिहा.

पुणे, मूळ साखळी
भाचीला आधी विचारा ऑफिस हिंजवडी आयटी पार्कच्या कुठल्या फेजला. फेज वन असेल तर राहायला वाकड बरं, पण फेज थ्री असेल तर सकाळच्या ट्रॅफिकमध्ये रोज हाल होतात, त्यापेक्षा माण गावाच्या बाजूला बघा. आणि फ्लॅट रविवारी दुपारी बघून हो म्हणू नका. कामाच्या दिवशी सकाळी नऊला जा म्हणजे रस्ता कळेल, आणि खाली वॉचमनकाकांना विचारा टँकर किती येतात. उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं ते एजंट कधीच सांगत नाही, वॉचमन सांगतो.

ठाणे, मूळ पेडणे
माझी नोकरी ऐरोलीला, म्हणून ठाण्यात घर बघत होते, ठाणे-वाशी लोकल सोयीची पडते. एक वन बीएचके एवढं आवडलं, हवेशीर, स्टेशन चालत, भाडंही परवडणारं. टोकन द्यायचं म्हणून मोबाईल हातात घेतला आणि मालकीणबाई म्हणाल्या, तुम्ही नॉनव्हेज करत नाही ना, आमच्या सोसायटीत चालत नाही. आता सोमवार आणि सणवार सोडले तर आमच्या घरात हुमणाशिवाय, म्हणजे माशाच्या कालवणाशिवाय, जेवण होत नाही, आणि तेव्हा माझ्या बॅगेत आईने पेपरात तीन-तीनदा गुंडाळून दिलेले सुके बांगडे, गालमो (सुकी बारीक कोळंबी) आणि सोलं (आमसुलं) होती. एजंट बाजूला घेऊन म्हणतो, ताई आता हो म्हणून टाका, खायचं ते बाहेर खा. मी नाही म्हटलं. रोज दार-खिडक्या लावून, चोरी केल्यासारखं स्वतःच्या घरात जेवायचं हे मला जमणार नव्हतं आणि कुणालाच जमू नये असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर अजून दोन-तीन ठिकाणी तेच, एके ठिकाणी तर आडनाव ऐकूनच फोन ठेवला. शेवटी गावच्या शेजारणीच्या नणंदेच्या ओळखीने कळव्याला घर मिळालं, मालकीण मालवणची. मी आधीच सांगितलं, मावशी, मी मासे करते हां. तर म्हणाल्या, कर गो, माका पण वाटीभर दी. अजून तिथेच राहते. घर बघायला जायच्या आधी फोनवरच हे विचारून घ्या, रिक्षाचे पैसे तरी वाचतात.

बेंगळुरू, मूळ वास्को
इकडे डिपॉझिट ऐकून घाम फुटतो. आधी दहा महिन्यांचं भाडं मागायची पद्धत होती, आता बरेच मालक कमी घेतात, तेव्हा घासाघीस कराच. घर सोडताना पेंटिंगचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात, तो आकडा आधीच अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. पाणी कावेरीचं की बोअरवेलचं हे नक्की विचारा, 2024 च्या उन्हाळ्यात बोअर आटल्या तेव्हा लोकांचे काय हाल झाले ते आम्ही बघितलंय. बाकी यशवंतपूरची गाडी वास्कोहून थेट आहे, हा मोठा आधार.

डोंबिवली, मूळ फोंडा
माझ्या भावाला ऑनलाईन जाहिरातीवरून फोन आला, मालक म्हणे फौजी, बदली झालीय, घर बघायला गेटपास लागेल त्याचे पैसे पाठवा, नंतर भाड्यातून वळते करू. भावाने म्हटलं, व्हिडिओ कॉलवर घर दाखवा. फोन कट. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया पाठवू नका, कोणीही असो.

पर्वरी, मूळ कुडाळ
माझा प्रवास उलटा, मी गोव्यात आलो. इथे सीझनचा प्रश्न. टुरिस्टला दिवसाच्या हिशोबाने दिलं तर जास्त सुटतं म्हणून माझ्या आधीच्या मालकाने ऐन नोव्हेंबरात खाली कर म्हणून सांगितलं, सामान घेऊन मित्राकडे राहिलो. किनाऱ्यापासून लांब बघा आणि अकरा महिन्यांचं लेखी घ्या. भाडेकरूची पोलीस पडताळणी इथे सक्तीची आहे, मालक टाळत असेल तर आपणच मागे लागायचं.

पुणे, मूळ डिचोली
कागदाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घरभाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, लेखी आणि रजिस्टर केलेलं हवं, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55, आणि ती जबाबदारी मालकाची. नुसतं नोटरी केलेलं म्हणजे रजिस्टर नव्हे, एजंट तेच गळ्यात मारतात. रजिस्ट्रेशन ऑनलाईन होतं, घरी येऊन अंगठा-फोटो घेणारे असतात. राहायला जाल त्या दिवशी लाईटच्या मीटरचा, भिंतींच्या ओलीचा, तुटलेल्या नळाचा फोटो काढून लगेच मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. माझ्या मालकाने जुन्या ओलीचे पैसे डिपॉझिटमधून कापायला काढले होते, तारखेसकट फोटो दाखवल्यावर पूर्ण रक्कम परत दिली.