मदत हवी आहे: फनेल प्लॉट एका बाजूला रिकामा, याला पब्लिकेशन बायस (निगेटिव्ह निकाल छापलेच न जाणं) म्हणू का?

नमस्कार मंडळी, मी नाशिकला एमडी करतेय, कम्युनिटी मेडिसिन. थेसिस वेगळाच आहे पण सोबत मेथीदाणे आणि टाइप टू डायबेटिसवर एक रिव्ह्यू लिहितेय, कारण ओपीडीत निफाडकडचे एक काका आले होते, रोज सकाळी भिजवलेली मेथी खातात आणि कुणीतरी सांगितलं म्हणून गोळी बंद करून टाकलेली, शुगर बघून मलाच घाम फुटला. तेव्हा ठरवलं की याचा पुरावा नक्की किती आहे ते नीट बघायचंच.

१२ ट्रायल सापडल्या, बहुतेक लहान. एचबीएवनसीतल्या (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) फरकाचा फनेल प्लॉट काढला, म्हणजे प्रत्येक ट्रायलचा एक ठिपका, मोठ्या वर, लहान खाली, त्यात डावीकडे म्हणजे फायदा. परवा प्रिंट काढून मधल्या रेषेवर कागदाची घडी घातली आणि खिडकीशी उजेडात धरली, तर वरच्या मोठ्या ट्रायलचे ठिपके एकमेकांवर बसतात पण खाली डावीकडच्या लहान ट्रायलना उजवीकडे जोडीदारच नाहीत. फनेलचा तिरकेपणा तपासणाऱ्या एगर टेस्टचा पी ०.०३ आला, म्हणजे ०.०५ च्या खाली, सिग्निफिकंट. रिकामी बाजू अंदाजाने भरणाऱ्या ट्रिम अँड फिल पद्धतीने उजवीकडे ३ ट्रायल भरल्या आणि फायदा जवळपास निम्म्यावर आला.

सर म्हणतात तोच निम्मा आकडा खरा म्हणून लिही. मला ते पटत नाहीये, कारण त्या ३ ट्रायल झाल्याच नाहीयेत, सॉफ्टवेअरने आरशात बघून मांडल्यात, आणि आयस्क्वेअर (ट्रायलच्या निकालांतली आपसातली तफावत) पण खूप जास्त आहे. दुसरीकडे दुर्लक्ष पण करवत नाही, डिप्रेशनच्या औषधांचं २००८ साली बाहेर आलंच होतं, एफडीएकडच्या (अमेरिकेची औषध नियामक संस्था) ७४ ट्रायलपैकी ३६ निगेटिव्ह किंवा शंकास्पद होत्या आणि त्यातल्या फक्त ३ तशा छापल्या गेल्या. प्लीज सांगा, काय लिहू?

गोदाकाठ: ताई, घडी घालून बघितलंत ते एकदम बरोबर, ट्रिम अँड फिल तेच करतं. पण एगरचा पी फक्त एवढंच सांगतो की लहान ट्रायलमध्ये परिणाम जास्त दिसतोय, का दिसतोय ते नाही. तुमच्या लहान ट्रायलमध्ये मेथीचा डोस जास्त होता का, ब्लाइंडिंग (कुणाला मेथी दिली ते लपवणं) होतं का ते आधी बघा, त्यानेही फनेल तिरका होतो. १० च्या खाली ट्रायल असत्या तर ही टेस्ट लावूच नका म्हणालो असतो, १२ म्हणजे काठावरच आहात. मग काँटूर वाला, म्हणजे पी व्हॅल्यूचे पट्टे आखलेला फनेल काढा, रिकामी जागा पी ०.०५ च्या वरच्या पट्ट्यात पडली तर निगेटिव्ह निकाल दडल्याचा संशय वाढतो, सिग्निफिकंट पट्ट्यात पडली तर कारण दुसरीकडे शोधायचं. आणि तो निम्मा आकडा सेन्सिटिव्हिटी अॅनालिसिसमध्ये द्या, म्हणजे पद्धत बदलली तर निकाल किती हलतो ते दाखवायला, मुख्य निकाल म्हणून नको. हार्ट अॅटॅकमध्ये मॅग्नेशियमचं आठवतंय ना, लहान ट्रायल जोडून जीव वाचतात असं दिसलं आणि १९९५ ला आयसिस ४ या मोठ्या ट्रायलमध्ये ५८ हजार पेशंटवर काहीच फायदा निघाला नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या ऑनलाइन नोंदवहीत शोधा, २००७ पासून आहे, नोंद झालेल्या पण न छापलेल्या ट्रायल तिथे दिसतात. दडलेली खरी ट्रायल एक जरी हाती लागली तरी भरलेल्या तिन्हींपेक्षा मोलाची.

मूळ धागाकर्ती: खूप खूप धन्यवाद दादा! डोस बघितला, ५ लहान ट्रायलपैकी ४ मध्ये बाकीच्यांच्या दुप्पट आहे, हे आधी टेबलमध्येच घेतलं नव्हतं मी. सीटीआरआयवर २ नोंदी मिळाल्या, पेपर कुठेच नाही, दोन्ही ट्रायलच्या संशोधकांना रात्रीच मेल टाकलाय. उत्तराची साधारण किती आठवडे वाट बघतात, आणि आलंच नाही तर रिव्ह्यूत त्या ट्रायलची नोंद कशी करायची? काका मंगळवारी येणारेत, गोळी परत सुरू केलीय, ती सोडू नका एवढं त्यांना आत्ताच सांगू शकते.