मदत हवी आहे: कोठीतलं जुनं जवस पेरायचं का?

नमस्कार मंडळी. मी कॅनडात, सस्कॅचेवानमध्ये एका शेतावर कामाला आहे. कोठीत घरी राखलेल्या जवसाची सहा पोती निघालीत. लेबलं उंदरांनी कुरतडलीत, वाण कळत नाही. मालक म्हणतात, पेरून टाकू. मला धास्ती ‘ट्रिफिड’ची. या जीएम (जनुकीय बदल केलेल्या) जवसाची नोंदणी २००१ मध्येच रद्द झाली. तरी २००९ मध्ये युरोपला गेलेल्या मालात ते सापडलं आणि ती बाजारपेठ बंद पडली. फटका बसला तो ज्यांनी ते कधी पेरलंच नव्हतं त्यांनाही! दाणा पाहून तर काहीच ओळखू येत नाही.

इथे कुणी बियाण्याची पीसीआर (डीएनए ओळखणारी) तपासणी करून घेतली आहे का? नमुना प्रत्येक पोत्यातून वेगळा काढायचा की एकत्र? पेरणी तोंडावर आलीय, कृपया लवकर सांगा.