नोकरी न सोडता

"नोकरी सोडल्याशिवाय हातून काही धड लिहून होत नाही" असं एकाचं म्हणणं वाचलं, ते काही पटलं नाही. पुण्यात तरी उदाहरणं उलटीच सापडतात. १९७३ साली थिएटर अकॅडमी ही नाट्यसंस्था उभी राहिली, त्यातले नाटककार सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये जीवरसायनशास्त्रात, अभिनेते मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ आणि दिग्दर्शक जब्बार पटेल दौंडला डॉक्टरकी करायचे. नोकरी-व्यवसाय सांभाळूनच नाटक चाललं होतं. (मान्य, तेव्हा हिंजवडीची वाहतूक कोंडी नव्हती!)

माझं म्हणाल तर रात्री जेवणानंतर लिहायचा प्रयोग सपशेल फसला. दोन ओळींत डुलकी. आता पहाटे साडेपाच ते साडेसहा, घरात कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या आत. मोबाईल दुसऱ्या खोलीत. कंपनीच्या बसमध्ये फक्त सुचलेलं टिपून ठेवतो; तिथे लिहीत बसलं की चांदणी चौक येईपर्यंत मळमळायला लागतं.

चार महिन्यांत दीड एकांकिका झाली. कमीच आहे, पण आधीच्या सहा वर्षांत पाटी कोरी होती. आणि हो, घरच्यांना ही वेळ आधीच सांगून ठेवा, नाहीतर नेमकं तेव्हाच दूध आणायला पिटाळतात.