मदत हवी आहे: आमच्या ठकीपुढे एकही खेळणं टिकत नाही

रानजाई
आज आणखी एक खेळणं गेलं. रबरी हाडूक होतं, पाकिटावर मोठ्या अक्षरात 'जोरात चावणाऱ्या कुत्र्यांसाठी'. वीस मिनिटांत एक टोक उडालं. महिन्याभरातलं हे सहावं. कापडी बदकाच्या तर बघता बघता चिंध्या झाल्या, आतली शिट्टी मी तिच्या तोंडात बोटं घालून काढली. दोरीच्या खेळण्याची सुतं अजून पलंगाखाली सापडतायत. सोफ्याचा एक हात गेलाय, दाराची चौकट कुरतडलीय आणि घरातले आता मलाच बोलायला लागलेत.
लांबलचक सल्ले नकोत. फिरायला नेते, दोन्ही वेळा नेते. एवढंच सांगा, खरोखर टिकणारं खेळणं कोणतं? नाव सांगा, आजच मागवते.

पाणवठा
जात, वय, वजन? पाच किलोच्या कुत्र्याला आणि चाळीस किलोच्या कुत्र्याला एकच नाव कसं सांगणार?

सोनकी
काळा काँग. डोळे झाकून घ्या. लाल नको हं, तो साध्या चावणाऱ्यांसाठी. काळ्याचं रबर जास्त चिवट असतं. हे खेळणं मुळात अशाच एका कुत्र्यापायी निघालं. १९७० च्या दशकात अमेरिकेत जो मार्कहॅम ह्यांचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात झिजवत होता. ते गाडीचं काम करत असताना बाजूला टाकलेला एक रबरी भाग त्याने उचलला आणि दगड सोडून तोच चघळत बसला. काँगचा तो उतरंडीसारखा आकार तिथून आला. आमच्याकडच्याला तीन वर्षं झाली, नुसते ओरखडे पडलेत.

काजवा
रबराच्या मागे लागू नका. मोठ्या जनावराच्या मांडीचं हाड द्या, कच्चं. शिजवलेलं अजिबात नको, त्याच्या कपच्या उडतात. कच्च्या हाडावर आमचा कुत्रा आठवडेच्या आठवडे रमतो. शिंग मिळालं तर त्याहून बरं. कुत्र्याचा जबडा हाडासाठीच घडलाय.

टिटवी
काजवा, इतकं छातीठोक सांगू नका. शिजवलेलं नको हे बरोबर. पण कच्च्या हाडावर दात तुटतो, त्याचं काय? आमच्या कुत्र्याची वरची मोठी दाढ, म्हणजे वरची चौथी उपदाढ, अशाच हाडावर उभी चिरली. बाहेरची कपची निघून आतली नस उघडी पडली. तो जेवत होता, शेपटी हलवत होता, म्हणून आम्हाला कितीतरी दिवस कळलंच नाही. शेवटी भूल देऊन दाढ काढावी लागली. तो कसा मुकाट्याने सोसत होता हे आठवलं की अजून पोटात कालवतं.
रानजाई, विकत घेताना अंगठ्याचं नख दाबून बघा. थोडीसुद्धा खूण उठली नाही तर ती वस्तू दाताला फार कडक. शिंग, खूर, दगडासारखं नायलॉन, बर्फाचे खडे, सगळ्यांना हीच परीक्षा.

काजवा
आमचा अकरा वर्षांचा आहे, एक दात हललेला नाही. लांडगे काय रबर चावून जगतात?

टिटवी
लांडग्यांचेही दात तुटतात. रानातल्या मांसाहारी प्राण्यांच्या कवट्यांमध्ये तुटलेले दात भरपूर दिसतात. तुमच्या कुत्र्याचे शाबूत आहेत, मनापासून आनंद आहे. पण दुसऱ्याला सल्ला देताना ज्यांचे तुटले त्यांचंही ऐका.

बकुळ
दात यायचं वय असेल. पिल्लांना २८ दुधाचे दात असतात, ते पडून ४२ पक्के येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात आणि दिसेल ते चावत सुटतात. सात महिन्यांच्या आसपास आपोआप कमी होईल. स्वच्छ फडकं ओलं करून, गोठवून द्या. समोर बसून चघळू द्या आणि मऊ पडलं की काढून घ्या.

रानजाई
पिल्लू नाहीये ती! दीड-दोन वर्षांची असावी. दत्तक घेतलीय, नक्की वय कुणालाच माहीत नाही. वजन २८ किलो, लॅब्रॉडॉर मिश्र. बकुळताई, तिला फडकं दिलं तर ती फडकंच गिळेल.
सोनकी, कुठला आकार घेऊ?

हिरवळ
दातांचा विषय निघालाच आहे म्हणून. दंतस्वच्छतेसाठी जे चघळायचे पदार्थ विकतात त्यांच्यावर 'व्हीओएचसी'चा शिक्का आहे का, ते बघत जा. पशुवैद्यकीय दंततज्ज्ञांची ती समिती आहे आणि दातांवरचा थर किंवा कीटण कमी होतं असं चाचणीत दिसलं तरच शिक्का मिळतो. रोज ब्रश करणं ह्या सगळ्यापेक्षा चांगलं. आम्ही बोटात घालायच्या ब्रशने सुरुवात केली होती. माणसांची टूथपेस्ट मात्र वापरू नका.

पाणवठा
हिरवळ, माहिती चांगली आहे, पण त्या शिक्क्याचा टिकाऊपणाशी संबंध नाही.
रानजाई, 'फडकंच गिळेल' हे तुम्ही सहज लिहून गेलात. ती तुकडे गिळते का? काही कुत्री नुसतं फाडून तुकडे टाकून देतात, काही गिळतात. दोघांची खेळणी वेगळी. आणि चौकट कुठल्या दाराची? हे सगळं तुम्ही घरात असताना होतं की नसताना?

सोनकी
आकार एक नंबर मोठाच घ्या. तोंडात पूर्ण मावून दाढांच्या मागे जाईल असं काहीही देऊ नये, घशात अडकतं. चेंडूचंही तेच. आणि टेनिसचे चेंडू देत असाल तर बंद करा, त्यावरच्या लोकरीत माती अडकून दात कानशीने घासल्यासारखे झिजतात.

वेताळटेकडी
माझं स्पष्ट मत, खेळण्याने काही होत नाही. कुत्र्याला काम द्या. वास घेत हिंडू द्या, हवं तिथे पाच मिनिटं थांबू द्या. 'फिरवते' म्हणजे लोक पट्टा ओढत चालतात. अर्धा तास नाक वापरलेलं कुत्रं घरी येऊन झोपतं.

रानजाई
वेताळटेकडी, फिरवण्याबद्दल नको म्हटलं होतं ना मी? रोज सकाळी तास जातो माझा.
पाणवठा, बाहेरच्या दाराची, आतल्या बाजूने. सोफा आणि चौकट मी कामावर असताना. साधारण नऊ तास एकटी असते. खेळणी मात्र संध्याकाळी माझ्यासमोरच फोडते. आणि हो, गिळते. बदकाचं डोकं दोन दिवसांनी शीतून पडलं.

टिटवी
मग आजच्या हाडकाचं उडालेलं टोक कुठेय?

रानजाई
सापडलं नाही. सोफ्याखाली असेल. लिंबाएवढं होतं. दुपारपासून दोनदा उलटी झालीय तिला, पण सकाळी गवत खाल्लं होतं म्हणून असेल. रात्रीचं अजून खाल्लं नाहीये. तेवढं आकाराचं सांगा.

टिटवी
रानजाई, आकार राहू दे. आत्ता डॉक्टरकडे जा. तुकडा गायब, उलट्या आणि जेवण सोडलंय. लॅब जेवण सोडत नाही. पोटातून पुढे सरकून आतड्यात अडकला तर पोट फाडावं लागेल. उरलेलं खेळणं सोबत न्या, केवढा तुकडा गेलाय ते त्यांना दिसेल.

काजवा
जायच्या आधी मिठाचं पाणी पाजा, उलटीत पडून जाईल.

पाणवठा
नको! मीठ मुळीच नको. जास्त मिठाने कुत्र्याला विषबाधा होते, झटके येतात, जीव जातो. घरी काहीही पाजून उलटी काढू नका. काजवा, हे पूर्वी सांगायचे, आता कुठलाही डॉक्टर सांगत नाही. कृपया तो प्रतिसाद संपादित करा.

काजवा
माहीत नव्हतं. वाचणाऱ्यांसाठी लिहितो, मिठाचं पाणी देऊ नका. रानजाई, निघालात का?

रानजाई
निघतेय. पोट दाबलं की अंग चोरतेय.

सोनकी
पोचलात की कळवा, किती का उशीर होईना. मी जागी आहे.

रानजाई
आलो घरी. एक्स-रेमध्ये नीट दिसलं नाही, रबर दरवेळी दिसतंच असं नाही म्हणाले. सोनोग्राफीत दिसलं. नशिबाने पोटातच होतं. भूल देऊन दुर्बिणीने काढलं, कापावं लागलं नाही. आत दोरीची सुतंही होती, हातभर. मी ती पलंगाखालची झाडून काढत होते आणि वाटायचं, सगळी बाहेरच पडलीत.
ती माझ्या पायावर डोकं ठेवून झोपलीय. तुम्ही विचारलं नसतं तर मी सकाळपर्यंत थांबले असते. सगळ्यांचे आभार. काजवा, तुमचेही.

टिटवी
वाचली बाई. दोरीचं लिहायचं राहूनच गेलं होतं, आता दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. सुताचं एक टोक पोटात अडकतं, दुसरं आतडं पुढे ओढत राहतं. परकराच्या नेफ्यात नाडी ओढली की कापडाच्या चुण्या पडतात ना, तसं आतडं गोळा होतं आणि सूत त्याला कापत जातं. म्हणून दोरी असेल तर ती माणसाच्या हातातच असावी, ओढाओढी संपली की कपाटात. गुदद्वारातून सूत लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

बकुळ
ठकीला खूप प्रेम. दोन दिवस मऊ अन्न सांगितलंय का? आमच्याकडे पोटाच्या तक्रारीनंतर थोडं थोडं चार वेळा द्यायचो.

पाणवठा
बरं वाटलं वाचून. आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते तुमचे दोन वेगळे प्रश्न आहेत.
संध्याकाळचा प्रश्न खेळण्याचा आहे. गिळणाऱ्या कुत्र्यासाठी 'फुटतच नाही' असं खेळणं शोधू नका. न फुटणारं म्हणजे दगड, आणि मग टिटवींनी सांगितलेली दाढ. फुटायला लागलं की लगेच कळेल असं शोधा. गोनट्स नावाची रबरी कडी येते, बाहेरचा थर वेगळ्या रंगाचा, आत लाल. लाल दिसलं की तिचं आयुष्य संपलं, काढून घ्यायची. सोनकींचा काळा काँगही चालेल. काहीही घेतलंत तरी रोज हातात घेऊन पिळून बघा. चीर दिसली, कोपरा निघाला की टाकून द्या, कितीही महाग असलं तरी. आणि तोंडातून हिसकावू नका, बदल्यात काहीतरी चांगलं देऊन सोडवा. हिसकावलं की कुत्री घाईघाईत गिळायला शिकतात. तुम्ही शिट्टी बोटांनी काढलीत असं लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगतोय.
दिवसाचा प्रश्न खेळण्याचा नाहीच. बाहेरच्याच दाराची चौकट, तीही आतून, आणि तुम्ही नसतानाच, म्हणजे ती घाबरत असेल. नऊ तास फार होतात. जुना फोन लावून पहिल्या अर्ध्या तासाचं चित्रण करा. हाशहुश करणं, लाळ गाळणं, येरझारा, रडणं दिसलं तर ते डॉक्टरांना दाखवा. नुसता कंटाळा असेल तर ती आधी झोपेल आणि मग सोफ्याकडे वळेल.

वेताळटेकडी
हेच म्हणत होतो, खेळणं हा उपाय नाही. मधल्या वेळी कुणीतरी येऊन बाहेर नेईल असं बघा.

सोनकी
खेळणं उपाय नाही असं कसं? नुसतं रिकामं रबर पडलं तर कुणीही कंटाळेल. तिचंच रोजचं खाणं भिजवून काँगमध्ये ठासून भरा आणि गोठवा. चाटायला वेळ लागतो, चावायची गरज पडत नाही. भरायला पीनट बटर वापरत असाल तर घटक वाचा, झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, असेल तर हात लावू नका. त्याने कुत्र्याची रक्तशर्करा धाडकन खाली येते, यकृतही जातं.

हिरवळ
मी पोकळ चेंडूला एक भोक पाडून त्यात भरते, स्वस्तात होतं.

पाणवठा
एकच भोक धोक्याचं. आतली हवा चाटून ओढली गेली की जीभ आत अडकून सुजते, कापावी लागल्याची उदाहरणं आहेत. काँगला खालीवर दोन्हीकडे भोकं आहेत ती त्यासाठीच.

रानजाई
बारा दिवसांनी लिहितेय. चित्रण केलं. मी दार लावल्यापासून चाळीस मिनिटं ती दाराशीच होती. उभी, धापा टाकत. नंतर चौकट. मला बघवलं नाही, आवाज बंद करून बघितलं. डॉक्टरांनी एकटं राहायची सवय दोन-दोन मिनिटांपासून नव्याने लावायला सांगितलंय, आणि तोवर शक्यतो एकटं ठेवू नका म्हणाले. शेजारच्या काकू दुपारी तिच्याजवळ बसतात, बाकीचा वेळ आम्ही वाटून घेतलाय.
काळा काँग आणला, मोठा. गोठवून देते, पण मी समोर असतानाच. मी नसले की ती त्याच्याकडे बघतही नाही, तेही चित्रणातच दिसलं. कडी अजून शाबूत आहे, रोज पिळून बघते. दोऱ्या सगळ्या टाकल्या. काल तिने स्वतःहून कडी आणून माझ्या हातात दिली.

अबोली
धागा वाचला, खूप उपयोगी. माझं पिल्लू चार महिन्यांचं आहे, काळा घेऊ की लाल?

सोनकी
दोन्ही नको. पिल्लांसाठी वेगळा मऊ येतो, गुलाबी किंवा निळा. दुधाचे दात आहेत अजून. जात कुठली?